मरोळच्या गाळ्यात सहा महिने कायझेन: सर्व्हिस कशी वाटली आणि घ्यावी का

आमचा मरोळ एमआयडीसीत दागिन्यांचे बॉक्स बनवायचा गाळा आहे, म्हणजे शेठचा आहे, मी तिथे प्रॉडक्शन सुपरवायझर, चौदा वर्षं झाली. अंगठीची डबी, नेकलेसचा चपटा बॉक्स, बांगड्यांचे बॉक्स, वर फॉइलनं ब्रँडचं नाव, आत वेलवेट नाहीतर फोम, असा सगळा माल. पंचिंगची दोन मशिनं, फॉइलिंगचं एक, बाकी पेस्टिंगची टेबलं आणि माणसं, एकूण बावीस जण. २०२५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही एका कायझेनवाल्या (कायझेन म्हणजे कामात रोज थोडं-थोडं सुधारत जायची जपानी पद्धत) सरांची सर्व्हिस घेतली, सर आणि त्यांचा एक असिस्टंट, दोघांचीच कन्सल्टन्सी आहे, सर आधी एका मोठ्या कारखान्यात क्वालिटीला होते, रिटायर झाल्यावर लहान गाळ्यांमध्ये जाऊन हे काम करतात. नाव इथे टाकत नाही कारण मी चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि दोन माणसांच्या धंद्याला एका गाळ्याच्या अनुभवावरून कुणी जोखू नये असं वाटतं. पण ज्यांना अशी सर्व्हिस घ्यायचीय त्यांना नक्की काय होतं हे कळावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी परिस्थिती सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आमचं अर्ध्याहून जास्त काम सीप्झमधल्या, म्हणजे अंधेरीच्या एक्स्पोर्ट झोनमधल्या, एक्स्पोर्टवाल्यांचं. २ एप्रिलला अमेरिकेनं टॅरिफ जाहीर केलं, आठवड्याभरात म्हणाले ९० दिवस थांबा, तेवढ्यात पार्ट्यांनी घाईघाईनं माल पाठवायला घेतला, आम्हाला रात्री नऊ-नऊपर्यंत काम, मग एकदम शांत. त्याच एप्रिलमध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला, म्हणजे लोकलची दुकानंही हात आखडून ऑर्डर द्यायला लागली. पुढे ७ ऑगस्टपासून २५ टक्के, २७ ऑगस्टपासून अजून २५, मिळून ५० टक्के, ते सगळं पेपरात आलंच. आमच्यापर्यंत ते कसं पोचलं तर ज्या पार्टीची ऑर्डर चार हजार बॉक्सची यायची ती तीनशेची यायला लागली. ऑर्डर बंद नाही झाली, तुकडे-तुकडे झाली. आज तीनशे लाल, परवा दोनशे हिरवे, त्यावर नाव वेगळं, साईज अर्धा सेंटीमीटर वेगळी. आणि कधी येईल सांगता येत नाही, आली की "उद्या संध्याकाळी द्या".

शेठना त्यांच्या मेहुण्यानं भिवंडीत ह्या सरांचं नाव सांगितलं. सर पहिल्यांदा आले तेव्हा मी केबिनमध्ये होते, शेठनी विचारलं किती टक्के खर्च कमी करून द्याल, आणि सर म्हणाले आकडा नंतर बोलू, आधी एक अट आहे. सुधारणेमुळे जो वेळ वाचेल त्यावरून एकाही माणसाला कमी करायचं नाही, आणि हे तुम्ही मला नाही, खाली जाऊन सगळ्यांसमोर बोलायचं, ते बोलणार असाल तर मी ॲडव्हान्स घेतो. शेठना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर खाली आले आणि उभ्यानं चार वाक्यांत बोलले, की धंदा मंदावला तर काय होईल ते मला माहीत नाही पण तुम्ही काम लवकर करायला शिकलात म्हणून मी कुणाला काढणार नाही. मला ह्या सर्व्हिसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटली, बाकी सगळं ह्याच्यावर उभं राहिलं, म्हणून रिव्ह्यूत पहिल्यांदा लिहितेय.

कारण सांगते. आमचे पंचिंगचे मशीनमन काका लालबागचे. त्यांचे वडील गिरणीत, १८ जानेवारी १९८२ च्या संपात जे बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. काकांना कार्यक्षमता, सुधारणा, मॉडर्नायझेशन असले शब्द ऐकले की अंगावर काटा येतो, ते म्हणतात आमच्या घरात हे शब्द फक्त वाईट बातमीबरोबर यायचे. आणि ते चूक नाहीत हो, १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप झाला तोसुद्धा एका माणसाच्या गळ्यात जास्त माग घालायच्या योजनांवरूनच. त्यामुळे कुणी बाहेरचा माणूस घड्याळ घेऊन मशीनजवळ उभा राहिला की मुंबईतला कामगार पहिला विचार करतो की आता कोण जाणार. आमच्या पेस्टिंगच्या ताया तर पहिल्या दिवशी मुद्दाम हळू काम करत होत्या, मला नंतर त्यांनीच सांगितलं. शेठ बोलल्यावर एका दिवसात विश्वास बसला असं नाही, पण काकांनी दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून सरांना बोलावून डायचं, म्हणजे बोर्ड कापायच्या साच्यांचं, रॅक दाखवलं, ते आधी कधीच झालं नसतं.

आता सर्व्हिस कशी चालते. आठवड्यातून एक व्हिजिट, साधारण चार तास, आणि मध्ये फोनवर. पहिल्या व्हिजिटला सरांनी काहीच शिकवलं नाही, नुसते उभे राहिले आणि प्रत्येकाला एकच विचारलं, दिवसभरात तुला कशाचा त्रास होतो. चूक काय होते, नुकसान काय होतं असलं काही नाही, त्रास कशाचा होतो. एक ताई म्हणाली खुर्ची नाही, उकिडवं बसून पाठ जाते. हेल्पर म्हणाला बोर्डाचे, म्हणजे पुठ्ठ्याचे, गठ्ठे दारातच ठेवतात, रोज तीनदा सरकवायला लागतात. काका म्हणाले पाना सापडत नाही. मी म्हणाले सँपल अप्रूव्ह करायला मला वर-खाली बोलावतात. असिस्टंटनं सगळं लिहून घेतलं, सदतीस त्रास निघाले, आणि पुढचे सहा महिने आम्ही ह्याच यादीवर काम केलं, बाहेरून आणलेलं फार कमी. हे मला खूप आवडलं.

जे नाही आवडलं ते पण सांगते. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हिजिटला सरांनी लॅपटॉप लावून स्लाईड दाखवल्या, सगळ्या इंग्लिशमध्ये, त्यात मध्ये-मध्ये जपानी शब्द, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. पेस्टिंगमधल्या दोघी आपसात कुजबुजत बसल्या, हेल्पर झोपला. दीड-दीड तास गेला दोनदा. अहो ह्याचा अर्थ एवढाच आहे की नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, सगळ्यांनी सारखं करा आणि रोज करा, हे आमच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं तरी तिच्या स्वयंपाकघरात होतं. मी सरांना तसं सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि स्लाईड बंद केल्या, पण तोवर दोन व्हिजिटचे पैसे गेले होते.

स्लाईडपेक्षा सर चहा पिताना बोलायचे ते जास्त कामाचं. आमचा फॉइलिंगवाला मुलगा एकदा म्हणाला, सर हे टोयोटाचं वगैरे मोठ्या पैशावाल्यांचं काम, आपल्याकडे महिनाअखेर पगार होईल का माहीत नाही. तेव्हा सरांनी सांगितलं की टोयोटानं हे सुरू केलं तेव्हा तेच बुडायला आले होते. जपानमध्ये युद्धानंतर महागाई आवरायला कडक धोरण आलं, बाजारात पैसा नाही, गाड्यांना गिऱ्हाईक नाही, कामगारांचा संप, आणि १९५० मध्ये कंपनी उभी करणारे किइचिरो टोयोदा राजीनामा देऊन बाहेर पडले, हजाराहून जास्त लोकांची नोकरी गेली. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्यांनी कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली. डेमिंग नावाचे अमेरिकन तज्ज्ञ क्वालिटीवर व्याख्यानं द्यायला जपानला गेले ते पण १९५० मध्येच. म्हणजे पैसा आल्यावर सुचलेली ही गोष्ट नाही, पैसा नव्हता, नवीन मशीन घेता येत नव्हतं, तेव्हा जे आहे त्यातच रोज थोडं बरं करायचं ठरवलं. त्या मुलाचा दुसरा प्रश्न होता की जपानी लोकांचं आपल्याकडे चालतं का, तर सर म्हणाले चेन्नईच्या सुंदरम क्लेटनला १९९८ मध्ये डेमिंग प्राईज, म्हणजे क्वालिटीसाठीचं जपानचं बक्षीस, मिळालंय, तिथले कामगार आपल्यासारखेच डबा घेऊन येतात. मुलगा गप्प बसला, आणि मला खरंच धीर आला, कारण ते दिवस असे होते की मी रोज घाटकोपरला मेट्रोत बसल्यावर मोबाईलवर टॅरिफची बातमी उघडायचे आणि मरोळ नाक्याला उतरेपर्यंत पोटात गोळा आलेला असायचा.

आता खरं काम, डाय बदलणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉक्सचा बोर्ड कापायला प्रत्येक साईजची एक डाय असते, लाकडाच्या प्लायमध्ये पात्या बसवलेल्या, ती लोखंडी फ्रेममध्ये आवळून मशीनवर चढवायची, मग दाब सगळीकडे सारखा बसत नाही म्हणून मागून कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवत-चिकटवत लेव्हल करायची, त्याला आम्ही मेकरेडी म्हणतो. आधी चार हजारचा लॉट असायचा, एकदा डाय चढवली की दिवस निघून जायचा, डाय बदलायला तास लागला काय नि सव्वा तास लागला काय, कोण विचारतंय. आता तीनशेचा लॉट, मशीन हातानं फीड करायचं, तासाला सातशे-आठशे इंप्रेशन, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत काम संपतं आणि परत डाय बदला. आम्ही जुलैमध्ये मोजलं तेव्हा एका बदलाला ७० मिनिटं लागत होती. म्हणजे मशीन चालायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळ ते बंद, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की ऑर्डर लहान आल्या म्हणून परवडत नाही. ऑर्डर लहान येणं तर आमच्या हातात नव्हतंच.

सरांनी काय केलं, काकांची परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढला, मशीन थांबल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंत. मग तो व्हिडिओ काकांनाच दाखवला, शेठना नाही, ही पण एक चांगली गोष्ट, आधी ज्याचं काम त्याला. काकांनी स्वतः बघितलं की ते रॅकपर्यंत नऊ वेळा गेले, पाना दोनदा शोधला, मी सँपल बघायला वरून खाली येईपर्यंत अकरा मिनिटं उभे राहिले. मला पण लाज वाटली, ती अकरा मिनिटं माझी होती. सरांनी सांगितलं की मशीन बंद असल्याशिवाय जी होणारच नाहीत ती कामं एका बाजूला लिहा आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येतील ती दुसऱ्या बाजूला. ह्यामागे जपानच्या शिगेओ शिंगोंची पद्धत आहे, १९६९ मध्ये टोयोटात हजार टनाच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे ते त्यांनी आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणलं. आमचं तीन मिनिटांचं स्वप्न नव्हतंच.

आम्ही काय-काय केलं तर एक जास्तीची फ्रेम बनवून घेतली, म्हणजे एक जॉब चालू असताना हेल्पर पुढची डाय दुसऱ्या फ्रेममध्ये आवळून तयार ठेवतो. पाने मशीनलाच हुकवर अडकवले, दोरी बांधून, कारण दोरी नव्हती तेव्हा तिसऱ्या दिवशी एक पाना फॉइलिंगकडे गेला. आणि सगळ्यात भारी आयडिया काकांची स्वतःची, मेकरेडीचा पट्ट्या लावलेला कागद आधी जॉब संपला की फाडून टाकायचो, काका म्हणाले तो डायच्या नंबरसकट पाकिटात ठेवू, पुढच्या वेळी तीच डाय आली की तोच कागद लावला की ऐंशी टक्के लेव्हल तयार. एवढी वर्षं आम्ही दरवेळी शून्यापासून पट्ट्या चिकटवत होतो. सँपल अप्रूव्हलसाठी मी वरून खाली येण्याऐवजी अप्रूव्ह केलेला मास्टर पीस सही करून जॉबच्या पिशवीतच ठेवते, काका स्वतः मिळवून बघतात आणि सुरू करतात. ऑक्टोबरमध्ये आम्ही २५ मिनिटांवर आलो, कधी-कधी २२. खर्च किती तर एक फ्रेम, काही हुक आणि पाकिटं.

फॉइलिंगमध्ये एवढं नाही जमलं, तिथे ब्लॉक गरम व्हायला वेळ लागतोच, फक्त एकाच रंगाच्या फॉइलचे जॉब एकापाठोपाठ लावायला लागलो, थोडा फरक पडला.

कोपऱ्याची गोष्ट मात्र लिहायलाच हवी. झाकणाचे कोपरे सुटायची कंप्लेंट होती, वरचा कागद उचकटायचा, आणि दरवेळी मी पेस्टिंगच्या तायांना बोलायचे की दाबून चिकटवा. सरांनी "का" विचारायला लावलं, एकदा उत्तर आलं की परत का, पाच वेळा. कोपरा का सुटतो, तर ग्लू पातळ. का पातळ, तर सकाळी पाणी जास्त घालतात. का, तर सकाळी ग्लू घट्ट असतो, ब्रशला येत नाही. का घट्ट, तर आमचा ग्लू सरसाचा, साठ डिग्रीच्या आसपास गरम हवा, आणि भांडं नऊला चालू करतात, कामही नऊलाच सुरू होतं. आधी का नाही चालू करत, तर बोर्डाच्या गठ्ठ्यांमागे स्विच आहे आणि गठ्ठे सरकवणारा हेल्पर सव्वानऊला येतो. बघा, मी वर्षभर ज्यांना बोलत होते त्यांचा काही संबंधच नव्हता. टायमर लावायचा विचार झाला पण कागदानं भरलेल्या बंद गाळ्यात हीटर आपोआप चालू व्हायला नको म्हणून सोडला. गठ्ठ्यांची जागा बदलली, साडेआठला जो शटर उघडतो तो भांडं चालू करतो आणि तिथेच थांबतो. कंप्लेंट पूर्ण गेली नाही, पावसाळी दमटपणात अजूनही येते, पण सकाळच्या मालाची गेली. मी त्या दोघींची माफी मागितली, सगळ्यांसमोर.

आता सर्व्हिसची मोठी चूक. जुलैत "नको ते काढा"चा दिवस ठेवला, लाल चिठ्ठ्या लावायच्या, ज्यावर महिनाभर कुणी हक्क सांगितला नाही ते भंगारात. कल्पना बरोबर आहे पण सर म्हणाले आपण पंधरा दिवसांत करू, दिवाळीच्या आधी जागा मोकळी हवी, आणि त्या घाईत जुन्या डाय गेल्या, त्यातली एक गुजरातच्या एका पार्टीची, जी दोन-दोन वर्षांनी ऑर्डर देते. ऑगस्टमध्ये तिची ऑर्डर आली. नवीन डाय बनवून घ्यायला चार दिवस आणि पैसे गेले, वर पार्टीची बोलणी शेठनी खाल्ली. काका तेव्हा म्हणाले होते की ठेवा, पण त्यांचं ऐकलं नाही, हे मला जास्त लागलं, कारण ह्या सगळ्याचा पायाच खालच्या माणसाचं ऐकायचं हा आहे. सरांनी चूक मान्य केली, एक व्हिजिट फुकट दिली, आणि आता नियम असा की डायवर लाल चिठ्ठी लावायचा अधिकार फक्त मशीनमनचा. जे कुणी ही सर्व्हिस घ्याल त्यांनी हा साफसफाईचा दिवस घाईत करू देऊ नका, शेवटची ऑर्डर कधी आली ते रजिस्टर काढून बघा.

१९ ऑगस्टचा पाऊस आठवतोय का, सेंट्रल बंद पडली होती, आमच्याकडे बावीसपैकी आठ जण पोचले, मी स्वतः डोंबिवलीची, आदल्या दिवशीचा पाऊस बघून बहिणीकडे कुर्ल्याला राहिले म्हणून कशीबशी गेले. त्याच्या महिनाभर आधी सरांनी भिंतीवर एक तक्ता लावायला लावला होता, आडवी कामं, उभी माणसं, कुणाला काय येतं त्याला टिकमार्क, आणि ज्या कामाला एकच टिकमार्क आहे ते धोक्याचं. फॉइलिंगला एकच होता. त्यामुळे आम्ही पेस्टिंगमधल्या एका ताईला फॉइलिंग शिकवायला घेतलं होतं, ती मरोळ गावठाणातली, चालत येते. त्या दिवशी तिनं एकटीनं दीडशे डब्यांचं फॉइलिंग काढलं, जरा हळू, आठ-दहा पीस वाया गेले, पण माल गेला. तिला आता पगारात त्या कामाचे वेगळे पैसे मिळतात, ते मी शेठकडून लिहून घेतलं.

पैशावरून आठवलं, एक गोष्ट सरांनीही धरली नव्हती आणि मीही नाही. काम लवकर व्हायला लागलं तसा ओव्हरटाईम गेला. शेठ खूश, पण आमच्या तायांच्या घरात ओव्हरटाईमच्या पैशावर मुलांचा क्लास चालतो. नोकरी कुणाची गेली नाही हे खरं, पण हातात येणारी रक्कम कमी झाली, आणि सप्टेंबरमध्ये दोघी मला स्पष्ट म्हणाल्या, मॅडम आम्ही हुशारी केली तर आमचंच नुकसान. मला उत्तर नव्हतं. मी सरांना सांगितलं, त्यांनी शेठशी बोलणं केलं, तीन आठवडे गेले, मग ठरलं की महिन्याला वेस्टेज जेवढं कमी होईल त्यातला ठरावीक भाग सगळ्यांत सारखा वाटायचा. गेलेल्या ओव्हरटाईमएवढा तो होत नाही, मी खोटं लिहिणार नाही. दिवाळीच्या महिन्यात जवळपास झाला, नंतर नाही. अशी सर्व्हिस घेणाऱ्या प्रत्येक मालकानं हे पहिल्या महिन्यात बोलून घ्यावं, आणि कन्सल्टंट लोकांनी नोकरीच्या अटीबरोबर ही दुसरी अटही घालावी असं मला मनापासून वाटतं.

सूचनेचं बक्षीस म्हणून महिन्याला एकाला पाचशे रुपये ठेवले होते, ते दोन महिन्यांत बंद केलं. आयडिया कुणाची ह्यावरून भांडणं, आणि ज्यांना बोलता येतं त्यांनाच मिळायचं. आता सूचना केली की बोर्डवर नाव आणि काय बदललं ते लिहितो, आणि जी सूचना जमणार नाही तिच्यासमोर का नाही ते मी तीन दिवसांत लिहायचं. ह्यानं सूचना वाढल्या, पाचशे रुपयांनी नव्हत्या वाढल्या. खुर्चीची सूचना पहिल्या दिवसाची होती, ती मात्र ऑक्टोबरपर्यंत लटकली, तेव्हा कुठे उंच टेबल आणि स्टूल आले. हा उशीर आमचा, सरांचा नाही.

खर्च आणि कुणी घ्यावी. आम्हाला महिन्याला अठरा हजार अधिक जीएसटी पडले. वीस-पंचवीस माणसांच्या, बरंचसं काम हातानं चालणाऱ्या गाळ्याला योग्य वाटलं. सहा महिन्यांत धंदा वाढला का, तर नाही, वर्षाची उलाढाल कमीच झाली, कारण सीप्झच्या ऑर्डर कमी झाल्या आणि ते कुठल्याही सरांच्या हातात नाही. पण आधी जी तीनशेची ऑर्डर आम्ही परत पाठवायचो ती आता घेतो, त्यातून घाटकोपर आणि दादरची चार लहान दुकानं जोडली गेली, त्यांना दोनशे-दोनशे डब्या हव्या असतात आणि मोठे बॉक्सवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. ज्यांची ऑर्डर मोठी आणि एकसारखी आहे त्यांना डाय बदलण्याच्या कामाचा एवढा फायदा दिसणार नाही, त्यांनी वेस्टेजवर भर द्यायला सांगावं. आणि मालक स्वतः आठवड्यातून तासभर खाली उभा राहणार नसेल तर पैसे घालू नका, आमच्याकडे शेठ सप्टेंबरमध्ये दोन आठवडे बाहेरगावी होते, ते दोन आठवडे बोर्डवर कुणी खडूसुद्धा लावला नाही.

एक कामाची माहिती, केंद्र सरकारच्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योग) मंत्रालयाची लीन स्कीम आहे, लीन म्हणजे कामातलं वाया जाणं कमी करायची पद्धत, १० मार्च २०२३ ला नारायण राणे मंत्री असताना सुरू झाली, बेसिक, इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन लेव्हल आहेत आणि कन्सल्टंटच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं, उद्यम रजिस्ट्रेशन लागतं. आम्ही ती घेतली नाही कारण शेठना जूनमध्येच सुरू करायचं होतं आणि ऑनलाईन अर्जाच्या कामात त्यांना पडायचं नव्हतं. तुम्हाला थोडा वेळ असेल तर आधी ती बघा, अठरा हजार लहान गाळ्याला लहान रक्कम नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो डायसाठी आणि स्लाईडसाठी मिळून.

सर आता महिन्यातून एकदा येतात, फक्त गेल्या महिन्यात काय टिकलं आणि काय सुटलं ते बघायला. त्यांचा रोजचा रिपोर्ट फॉर्म इंग्लिशमध्ये होता, चौदा रकाने, तायांना भरता येत नव्हता म्हणून संध्याकाळी मीच सगळ्यांचे भरत बसायचे आणि त्यात माझी सात पाचची मेट्रो जायची. मी तो पण आमच्या बोर्डवर "त्रास" म्हणून लिहिला, अडतिसावा. गेल्या गुरुवारी सर नवीन फॉर्म घेऊन आले, मराठी आणि हिंदीत, दोनच ओळी, आज काय अडलं आणि उद्या काय करून बघायचं. अक्षर फार बारीक आहे, पेस्टिंगमधल्या मोठ्या तायांना चष्मा लावूनही दिसेना, तसं लाल पेननं फॉर्मवरच लिहून बोर्डला टाचणीनं लावलंय, पुढच्या व्हिजिटला सर बघतील.